पासंग

न्यायदेवतेच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात तराजू देण्याची कल्पना ज्या कुणाला प्रथम सुचली, त्याने तराजूची पारडी जवळून न्याहाळली असतील असे मला वाटत नाही; कारण तलवार एक वेळ निर्दोष घडवता येईल, परंतु निर्दोष तराजू आजवर कोणत्याही कारागिराच्या हातून उतरलेला नाही. दोन्ही पारडी एकाच पत्र्यातून कापून काढली, दोऱ्या एकाच गुंडीतल्या घेतल्या, दांडीचा मध्य पुन्हा पुन्हा तपासून नेमका तेथेच आधार दिला, तरी मूठ धरून तो तराजू उचलताच कोणती तरी एक बाजू गहूभर खाली झुकतेच. अशा वेळी शहाणा दुकानदार नवा तराजू आणण्यासाठी तालुक्याला धाव घेत नाही, कारण नव्यालाही हीच खोड असणार हे त्याला पक्के ठाऊक असते. तो हलक्या पारड्याच्या दोरीला एखादा खडा, शिशाचा तुकडा अथवा तारेचे वेटोळे बांधतो, काटा मुठीच्या मधोमध ठरला याची खात्री करून घेतो, आणि मगच धान्याच्या पोत्यात हात घालतो. हा बांधलेला खडा म्हणजे पासंग. मालाच्या हिशेबात तो धरला जात नाही, वजनांच्या यादीत त्याची नोंद नसते, त्याच्यावर सरकारी शिक्का उमटत नाही. आणि तरीही बाजारातील सगळा विश्वास त्या बिनशिक्क्याच्या खड्याला टांगलेला असतो, ही गोष्ट मला अलीकडे फार विचार करायला लावते.

आमच्या पेठेत एक किराणा दुकान होते. तेथील वृद्ध दुकानदारांची तोलण्याची रीत मी लहानपणी अनेकदा पाहिली आहे. डाव्या पारड्यात वजने आणि उजव्यात माल, हा त्यांचा क्रम कधी बदलत नसे. परंतु वजन टाकण्यापूर्वी ते रिकामा तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरीत, आणि समोर मी असलो तर ‘बघ रे बाळ, काटा मधे आहे ना?’ असे विचारून माझा होकार घेतल्याशिवाय पुढे जात नसत. दिवसभर गूळ, खजूर आणि चिंच यांची देवघेव झाली, की मालाच्या पारड्याला चिकटा बसे आणि ते नकळत जड होई. पावसाळ्यात सुतळीच्या दोऱ्या हवेतील ओल शोषून घेत, आणि त्यांतही एक बाजू दुसरीपेक्षा अधिक शोषून घेई. म्हणून त्यांचा पासंग कायमचा ठरलेला नव्हता. वजनांच्या पारड्याच्या गाठीपाशी बांधलेल्या लोखंडी चकतीवर ते गरजेप्रमाणे तारेचे वेढे चढवीत, आणि दिवेलागणीच्या वेळी मालाचे पारडे ओल्या फडक्याने पुसून काढले की चढवलेले वेढे पुन्हा सोडवीत. त्या खटाटोपाचे मला तेव्हा हसू येई. पुढे जगाचा थोडाफार अनुभव गाठीला आल्यावर ध्यानात आले, की दोष एकदाच दुरुस्त करून निकालात काढता येत नाही. कारण ज्या व्यवहारासाठी तराजू असतो, तो व्यवहारच रोज थोडाथोडा त्याला चिकटत असतो. न्यायासनावर बसणाऱ्याला आपल्या जुन्या निकालांची सवय चिकटते, शिक्षकाला चुणचुणीत विद्यार्थ्यांची ओढ चिकटते, अंमलदाराला अर्जदारांच्या लाचारीची सवय होते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आपल्या अनुभवाचा अभिमान चिकटतो. यांतले काहीही मुळात वाईट नाही. गूळही वाईट नसतो. संध्याकाळी पारडे पुसायचे राहून जाते, एवढेच.

तराजूचे दोष दोन जातींचे असतात, आणि त्यांतील भेद नीट समजून घेण्याजोगा आहे. पहिला दोष पारड्यांचा. एक पारडे दुसऱ्याहून तोळाभर जड असेल, तर तुम्ही शेर तोला की मण तोला, चूक तोळ्याचीच राहते. ती ओझ्याबरोबर वाढत नाही, आणि तराजू रिकामा असतानाच ती कुणाच्याही नजरेस पडते. दुसरा दोष दांडीचा. आधारबिंदूपासून एक भुजा दुसरीपेक्षा लांब असली, तर लांब भुजेकडचे थोडे ओझे आखूड भुजेकडच्या अधिक ओझ्याला तोलून धरते; तरफेचा हा नियम आर्किमिडीजने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवला आहे. अशा तराजूतली चूक ओझ्याच्या प्रमाणात फुगत जाते: शेरामागे तोळा, तर मणामागे चाळीस तोळे. आणि खरी मेख पुढेच आहे. आखूड भुजेकडचे पारडे मुळातच जरा जड असेल, तर रिकामा तराजू पूर्णपणे सरळ उभा राहतो, काटा मध्यावर येतो, आणि पाहणाऱ्याला दोषाची शंकाही येत नाही. ओझे पडले म्हणजेच तो दोष जागा होतो, आणि तोही कुणाला न दिसता.

माणसे पारखताना आपण बहुधा पहिल्याच जातीचा दोष पाहतो. कुणी तिरसट बोलतो, कुणी पैशाला चिकट असतो, कुणाच्या बोलण्यात स्वतःची स्तुती पाच मिनिटांत डोकावते. हे सारे रिकाम्या तराजूचे झुकणे होय, आणि ते इतके उघड असते की त्याच्याशी व्यवहार करणारा आपोआप तेवढी वजावट करून घेतो. परंतु ज्याची वागणूक रोजच्या उठण्याबसण्यात काटेकोर आहे, ज्याच्याविषयी दहा माणसांत कुणाची तक्रार नाही, असा एखादा सद्गृहस्थ वाटणीपत्राच्या वेळी, बढतीच्या प्रसंगी, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत, म्हणजे आयुष्याने खरे ओझे टाकल्याबरोबर, भलत्याच बाजूला झुकलेला दिसतो, तेव्हा आपण ‘हा असा कसा बदलला?’ म्हणून आश्चर्य करीत बसतो. तो बदललेला नसतो. त्याची दांडी पहिल्यापासून तशीच होती. इतके दिवस तिच्यावर काही पडले नव्हते. उलट, ज्याच्या तिरसटपणाला आपण कंटाळलो होतो, त्याची चूक मोठ्या प्रसंगीही त्या ठरावीक तोळ्यापलीकडे गेली नाही, असाही अनुभव येतो.

बाजारातील लबाडाला ही मेख शाळेत न जाताच कळलेली असते. तो आखूड भुजेकडे वजने ठेवतो, लांब भुजेकडे माल ठेवतो, आणि दोहोंतला फरक लपवण्यासाठी आखूड बाजूला चांगला ठसठशीत पासंग बांधतो. मग तोही रिकामा तराजू गिऱ्हाइकापुढे धरतो, तोही ‘बघून घ्या, साहेब’ म्हणतो, आणि मध्यावर आलेला काटा पाहून समाधान पावलेले गिऱ्हाईक शेराच्या जागी सत्तर-पंचाहत्तर तोळे घेऊन घरी जाते. प्रामाणिक माणसाने आपला दोष भरून काढण्यासाठी वापरलेला खडा आणि लबाडाने आपला दोष झाकण्यासाठी वापरलेला खडा, यांत दिसण्यापुरता काडीचाही फरक नसतो. स्वतःच्या उणिवा चारचौघांत मोठ्या नम्रतेने सांगत राहणाऱ्या माणसाकडे मी म्हणूनच जरा सावधपणे पाहतो. लहानसहान दोषांची कबुली हा पुष्कळदा मोठ्या दोषाचा पासंग असतो. उसाच्या हंगामात आपली ट्रॉली बाहेरच्या काट्यावर आधी तोलून, ती पावती खिशात ठेवून, मग कारखान्याच्या फाटकाकडे वळणारा शेतकरी या बाबतीत आपणा सुशिक्षितांहून शहाणा म्हटला पाहिजे. काटा मारला जातो तो भरल्या गाडीवर, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

आता एखादा भाबडा पण पापभीरू दुकानदार असा विचार करील, की माझ्या तराजूची दांडी विषम आहे खरी, परंतु एक शेर मी या पारड्यातून देईन आणि दुसरा शेर त्या पारड्यातून देईन. एका वेळी गिऱ्हाइकाचे जेवढे नुकसान होईल तेवढाच दुसऱ्या वेळी त्याचा फायदा होईल, आणि सरतेशेवटी हिशेब चोख राहील. युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण गणित त्याला मान्यता देत नाही. समजा, एक भुजा १० बोटे आहे आणि दुसरी ११. शेर ८० तोळ्यांचा धरला, तर एका वेळी ८० च्या जागी ८८ तोळे माल जाईल आणि दुसऱ्या वेळी सुमारे ७२.७३ तोळे जाईल. दोहोंची बेरीज १६० न होता १६०.७३ होते, म्हणजे दुकानदाराला पाऊण तोळ्याच्या आसपास भुर्दंड बसतो. भुजांची लांबी कितीही घ्या, कोणती बाजू आधी घ्या, निकाल एकच: कोणतीही धन संख्या आणि तिचा व्यस्तांक यांची बेरीज दोनांपेक्षा कधीही कमी नसते, आणि ती बरोबर दोन होते ती फक्त दोन्ही भुजा समान असतानाच. त्याची चूक प्रमाणाची होती आणि तो भरपाई बेरजेने करू पाहत होता. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

या लहानशा सिद्धतेचा मला जितका धाक वाटतो तितका मोठमोठ्या उपदेशांचा वाटत नाही. काल मुलाला विनाकारण मारले म्हणून आज त्याला विनाकारण खाऊ देणारा बाप, वर्षभर लोकांना नाडून चतुर्मासात अन्नदान करणारा सावकार, एका पिढीत एका समूहावर झालेल्या अन्यायाची फेड दुसऱ्या पिढीत दुसऱ्या कुणावर अन्याय करून होईल असे मानणारा राज्यकर्ता, हे सर्व त्या दुकानदाराचीच बेरीज करीत असतात. परस्परविरुद्ध दोन अन्याय एकमेकांना खाऊन टाकीत नाहीत. दोघे मिळून काही तरी बाकी ठेवतात, आणि ती बाकी कुणाच्या तरी नावावर चढते. दुकानदाराच्या बाबतीत ती त्याच्याच नावावर चढली, हा गणिताचा चांगुलपणा; संसारात तसे होईलच असा भरवसा नाही.

मग विषम तराजूने खरे वजन काढताच येणार नाही काय? येते, आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कार्ल फ्रेडरिक गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. वस्तू एकदा डाव्या पारड्यात घालून तोलावी, एकदा उजव्या पारड्यात घालून तोलावी, आणि आलेल्या दोन वजनांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे. वरच्याच उदाहरणात एका बाजूने वस्तू ८८ तोळे भरते, दुसऱ्या बाजूने ७२.७३ तोळे, दोहोंचा गुणाकार ६४००, आणि त्याचे वर्गमूळ नेमके ८०. दांडी किती विषम आहे हे न मोजता, तिला हातही न लावता, वस्तूचे खरे वजन हाती आले. त्यासाठी एकच गोष्ट करावी लागली: माल आणि वजन यांच्या जागा बदलाव्या लागल्या. नीतिशास्त्राने युगानुयुगे जे सांगितले, की दुसऱ्याविषयी निर्णय देण्यापूर्वी क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहावे, त्याचा अर्थ मला या प्रयोगाने अधिक स्वच्छ झाला. सासूने क्षणभर सुनेच्या पारड्यात बसावे, मालकाने कुळाच्या, परीक्षकाने परीक्षार्थीच्या. आणि ध्यानात ठेवण्याची बाब अशी, की तेवढ्याने निर्णय आपोआप खरा होत नाही. जागा बदलल्यावर मिळालेले दुसरे वजनही पहिल्याइतकेच चुकीचे असते. दोन्ही जवळ ठेवून, दोहोंना गुणून, त्यांच्यातून मूळ काढण्याचे कष्ट उरतातच. नुसत्या भावनेने दुसऱ्याची बाजू घेणारे बहुतेक सज्जन येथेच थांबतात.

दुसरा मार्ग प्रतिनिधानाचा, आणि तो जाँ-शार्ल द बोर्दा या अठराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. वस्तू एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात वाळू घालीत जावे. काटा मध्यावर आला म्हणजे वस्तू उचलून घ्यावी, वाळूला हात न लावता वस्तूच्या रिकाम्या जागी प्रमाणित वजने घालावीत, आणि काटा पुन्हा मध्यावर येईल तेव्हा थांबावे. भुजा समान असोत वा नसोत, त्या वजनांएवढेच त्या वस्तूचे वजन. फ्रेंच ग्रंथांत या रीतीचे मोठे कौतुक असले, तरी मराठी मुलाला ती पुण्याजवळच्या तुळापूरच्या कथेतून आधीच परिचित असते. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर आदिलशाहीतील मुत्सद्दी मुरार जगदेव याने १६३३ साली तुलादान केले आणि त्यावरून त्या गावाला आजचे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. आणि हत्तीची तुला कशी करावी असा पेच पडला असता तो शहाजीराजांनी सोडवला, असे ती परंपरा अभिमानाने पुढे सांगते. हत्तीला नावेत चढवावे, नाव पाण्यात जेथवर बुडेल तेथे खूण करावी, हत्तीला उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेतो दगड भरावेत, आणि मग दगड तोलावेत. कथेतील तपशिलाची शहानिशा इतिहाससंशोधकांनी करावी. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती बोर्दाच्या रीतीचेच चोख रूप आहे, कारण तीत एकाच जागी आधी हत्ती आणि मग दगड बसवलेले आहेत.

या रीतीतला मथितार्थ फार सूक्ष्म आहे. येथे तराजूकडून खरेपणाची अपेक्षाच धरलेली नाही; तो दोन्ही वेळा सारखाच खोटा असला म्हणजे झाले. आमच्या ओळखीच्या कितीतरी कुटुंबांत एखादी अशी आजी असते, जिच्या जिभेला धार आहे, जिचे निकष जुने आहेत, जिच्या मते आजकालच्या कोणत्याच मुलाला वळण नाही. आणि तरीही घरात तंटा उभा राहिला की सगळे तिच्याकडेच जातात. थोरल्याला ती जितके घालून पाडून बोलते तितकेच धाकट्याला बोलते, लेकीला आणि सुनेला तिची फूटपट्टी एकच असते. तिचा काटा सदोष आहे हे सगळ्यांना मान्य असते, पण माणूस पाहून तो हलत नाही, आणि एवढ्या भांडवलावर तिचा न्याय चालतो. याउलट ज्याचे विचार अत्यंत उदार आणि सुधारलेले आहेत, परंतु समोर कोण बसले आहे ते पाहून ज्याचे माप लहानमोठे होते, त्याच्या दारी कुणी न्याय मागायला जात नाही.

महाविद्यालयात असताना रसायनशाळेत काचेच्या पेटीतील तराजूशी माझा संबंध आला, आणि तेथे त्याच्या स्वभावाचे आणखी एक अंग समजले. अकीकाच्या धारेवर टेकलेली पितळी दांडी, चिमट्यानेच उचलायची मिलिग्रॅमची इवली पत्र्याची वजने, श्वासाच्या झुळुकीनेही काटा विचलित होतो म्हणून तोलताना बंद ठेवायची काचेची दारे, असा त्याचा सगळा थाट. लाकडाच्या वखारीतील काटा दोन हेलकाव्यांत ठरतो. हा मात्र कितीतरी वेळ डावीउजवीकडे डोलत राही. याचे कारण दांडीच्या गुरुत्वमध्यात आहे. तो आधारबिंदूच्या पुष्कळ खाली असला, तर तराजू चटकन स्थिर होतो, पण बारीक फरकाची त्याला दखल नसते. तो आधारबिंदूच्या जितका जवळ आणावा तितका तराजू संवेदनक्षम होतो आणि तितकाच उशिरा स्थिरावतो. दोन्ही बिंदू एक झाले तर दांडी कोठेही थांबते, म्हणजे कशाचाच निर्णय देत नाही. आणि गुरुत्वमध्य आधाराच्या वर गेला तर सारा डोलारा उलटतो. स्थैर्य आणि संवेदना यांची ही देवघेव निसर्गाने ठरवलेली आहे, तीत सवलत मिळत नाही. ज्याला इतरांच्या मनातील गुंजभर दुःखही जाणवते, तो चटकन निर्णय घेत नाही म्हणून त्याला चंचल म्हणणे, आणि जो तडकाफडकी निर्णय देतो त्याला खंबीर म्हणणे, ही आपली सार्वजनिक सवय मला त्या काचपेटीसमोर बसल्यापासून खटकू लागली. वखारीच्या काट्यावर सोने तोलू नये, आणि सोनाराच्या काट्यावर सरपण टाकू नये, एवढे तारतम्य राखले म्हणजे पुष्कळ झाले.

त्याच प्रयोगशाळेत आम्हाला शिकवले होते, की काटा थांबण्याची वाट पाहत बसू नका. तो डोलत असतानाच त्याच्या टोकांची नोंद करा. एका बाजूची तीन टोके आणि दुसऱ्या बाजूची दोन टोके लिहून घ्यायची, प्रत्येक बाजूची सरासरी काढायची, आणि त्या दोन सरासरींचा मध्य म्हणजे काट्याचा विश्रांतिबिंदू. दोन्ही बाजूंची टोके समसमान संख्येने का घ्यायची नाहीत, असे कुणीतरी विचारले. हेलकावा प्रत्येक खेपेला थोडा ओसरत जातो, म्हणून एका बाजूचे टोक दुसऱ्या बाजूच्या दोन टोकांच्या मध्ये पकडले तरच त्या ओसरण्याची वजावट होते, असे उत्तर मिळाले. मन शांत झाल्यावर विचार करू, परिस्थिती निवळल्यावर ठरवू, असे म्हणत माणसाचे अर्धे आयुष्य सरते. आणि काटा काही थांबत नाही. आपल्या रागाची आणि पश्चात्तापाची, उत्साहाची आणि खिन्नतेची टोके इमानाने टिपून ठेवणाऱ्याला विश्रांतिबिंदू न गाठताही त्याचे स्थान कळू शकते. वर्षानुवर्षे नियमाने रोजनिशी लिहिणाऱ्यांना याहून निराळे काय साधत असेल?

तराजूच्या दोषांचे एवढे पुराण सांगितल्यावर वजनांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण दांडी कितीही साधली तरी वजन खोटे असले तर ‘मापात पाप’ उरतेच. एके काळी आपल्याकडे शेर गावागणिक निराळा होता; १९५६ च्या कायद्याने सगळ्या देशासाठी एकच दशमान पद्धती ठरली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमची वजने दुकानांत येऊ लागली, आणि १९६२ च्या एप्रिलपासून त्यांचा वापर सक्तीचा झाला. दुकानातील किलोवर वजनमाप निरीक्षकाचा शिक्का. निरीक्षकाच्या वजनांना वरच्या प्रमाणाचा आधार. त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील ५७ क्रमांकाच्या प्रतीचा. आणि त्या प्रतीला पॅरिसजवळच्या सेव्र येथे १८८९ पासून काचेच्या तीन घंटांखाली आणि तीन किल्ल्यांच्या कुलपात ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या मूळ किलोग्रॅमचा. उंची ३९ मिलिमीटर, व्यासही तेवढाच. जगातील सगळी वजने त्याच्यापुढे हात जोडून उभी होती.

परंतु शंभरएक वर्षांनी जेव्हा त्याच्याशी त्याच्या प्रती ताडून पाहण्यात आल्या, तेव्हा त्यांतील बऱ्याच प्रतींचे आणि मुळाचे अंतर सुमारे ५० मायक्रोग्रॅमने, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या विसाव्या हिश्श्याने, वाढलेले आढळले. प्रती जड झाल्या, की मूळ हलके झाले? हा प्रश्न विचारण्याचीच सोय नव्हती. व्याख्येनेच ते किलोग्रॅम होते. ते झिजले असते तरी नियमाप्रमाणे बाकीचे विश्वच तेवढे जड झाले असे म्हणावे लागले असते. ज्याला पासंग बांधता येत नाही अशी ती जगातली एकमेव वस्तू होती. स्वतःलाच प्रमाण मानून बसलेल्या पुरुषांची, पंथांची आणि राष्ट्रांची हीच गत होते: त्यांची चूक त्यांना कधीच सापडत नाही, आणि भोवतालचे जग मात्र त्यांना दिवसेंदिवस अधिकाधिक बिघडत चाललेले दिसते. शास्त्रज्ञांचा मोठेपणा असा, की त्यांनी आपल्या मूर्तीला सिंहासनावरून खाली उतरवले. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे जगातील राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी मतदान केले, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमचा आधार प्लांकचा स्थिरांक झाला. त्याचे मूल्य ६.६२६०७०१५ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात, या अंकावर कायमचे ठरवून टाकण्यात आले. आता किलोग्रॅम कुणाच्या तिजोरीत नाही. ज्याच्याजवळ साधने आणि कौशल्य आहे त्याने तो आपल्या प्रयोगशाळेत उभा करावा. त्याच्या मुख्य साधनांपैकी एक म्हणजे किबल तुला. म्हणजे एवढी मजल मारूनही शेवटी तराजूच, फक्त एका बाजूला वस्तुमान आणि दुसऱ्या बाजूला विद्युत्प्रवाहाचे बल.

येथवर वाचून आलेला चिकित्सक वाचक विचारील, की आयुष्यात सारे तोलूनच पाहायचे काय? ममता, कृतज्ञता, क्षमा यांना तागडीत घालणारा माणूस आपल्याला आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु तराजू केव्हा खाली ठेवायचा, हे सुद्धा तोलणे ज्याला येते त्यालाच उमगते, असे मला वाटते. आणि त्याला प्रमाण म्हणून मी त्याच इंद्रायणीच्या काठावरचे, तुळापूरच्या वरच्या अंगाला असलेले देहू गाव पुढे करतो. तेथे एका वाण्याच्या कुळात, तागडी आणि चोपडी यांच्या संगतीत, तुकोबा वाढले. संगमावर हत्तीच्या भारंभार दान झाले त्याच्या थोडे आधीच महाराष्ट्रावर भयंकर दुष्काळ कोसळला होता. त्या दुष्काळाच्या सुमारास तुकोबांचे दुकान बसले, घरातली माणसे गेली, आणि लोकांकडून येणे असलेल्या रकमांची कर्जखते तेवढी हाती उरली. ती कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट मराठी मुलखात सर्वतोमुखी आहे. मात्र ती सांगताना तिचा पूर्वार्ध आपण पुष्कळदा गाळतो. परंपरा म्हणते, की बुडवण्यापूर्वी त्यांनी त्या कागदांची धाकट्या भावाशी वाटणी केली. कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हवाली केला. तो त्याने वसूल करावा की सोडून द्यावा, हा त्याचा अधिकार. पाण्यात गेले ते फक्त स्वतःच्या वाट्याचे कागद. ज्याला वाटणीच करता येत नाही, तो उदारपणाच्या भरात भावाचेही कागद बुडवून मोकळा होतो आणि पुण्य आपल्या खाती मांडतो. तुकोबांनी वाण्याच्या चोखपणाने निम्मे मोजून दिले, आणि उरलेल्या निम्म्यावर मग कोणताही हिशेब ठेवला नाही.